गेरमध्ये फोनच्या सिग्नलच्या काड्या पूर्ण, पण कॉल लागेना. असं का होतं?

राजवाडा_पश्चिम | रंगपंचमी, रात्री ९.१०

तीनदा आंघोळ झाली तरी कानामागचा हिरवा रंग जात नाहीये. तेव्हा तो नाद सोडून धागा काढतो.

पुण्याचा भाचा आलाय. वय सोळा. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत निघणारी मिरवणूक, त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेली. सकाळी त्याला घेऊन राजवाड्यापाशी उभा होतो. टोरी कॉर्नरकडून गेर आली, गुलालाचा एक फवारा चौथ्या मजल्यापर्यंत गेला आणि तो खाली बसेपर्यंत भाचा गायब.

पिशवीतून फोन काढला. काड्या पाचच्या पाच. लावला तर दोन टुकटुक आणि बंद. परत लावला. परत तेच. नंतर मोजले तर मी एकवीस वेळा लावला होता आणि त्याने मला अठरा वेळा. बायको घरून आम्हा दोघांना लावत होती ते वेगळंच. पाऊण तासाने स्वारी एका पोह्याच्या दुकानासमोर सापडली, दुसरी प्लेट चालू होती. म्हणे, "मामा, मी एसेमेस केला होता की." बघितलं तर खरंच, अकरा वीसला पाठवलेला, अकरा चोवीसला आलेला. आता एसेमेस कोण बघतं हो? बँक आणि ओटीपीसाठी असतो तो.

माझा प्रश्न साधा आहे. इथेच शेजारी रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खात उभं राहून मी बहिणीला व्हिडिओ कॉल करतो, तो लागतो. टॉवर तेच, काड्या तेवढ्याच. मग आज काय झालं? आणि कॉल जात नाही तिथे एसेमेस कसा गेला? जाणकारांनी उजेड पाडावा.

---

पोहे_शेव_जिरावण | रात्री ९.२२

भाचा सुखरूप, पोहे सुखरूप. भिया, अजून काय पाहिजे?

---

शंकासुर | रात्री ९.३५

उत्तर सोपं आहे. दहा माणसांची खोली शंभर जणांना भाड्याने द्यायची आणि सगळे एकदम झोपायला आले की म्हणायचं, आज फार गर्दी आहे बुवा. सिम विकताना कोणी विचारतं का, टॉवरवर जागा आहे की नाही?

---

निवृत्त_तारवाला | रात्री १०.४८

शंकासुर, खोलीचं म्हणणं बरोबर आहे, पण तो धंदा आजच्या कंपन्यांचा नव्हे. टेलिफोन जन्मल्यापासून असंच चालत आलंय, आणि तसं नसतं तर फोन तुम्हाला-मला परवडलाच नसता. चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली निम्मी इंदूरला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

समजा एका कॉलनीत १००० फोन आहेत. सगळ्यांना एकदम बोलता यावं म्हणून १००० लाइनी टाकायच्या का? आम्ही आधी पाहायचो की दिवसातला सर्वांत गर्दीचा तास कोणता आणि त्या तासात माणूस किती वेळा फोन उचलतो, किती वेळ बोलतो. याला आमच्यात बिझी अवर आणि होल्डिंग टाइम म्हणत. दर फोनमागे त्या तासात एक कॉल आणि तीन मिनिटांचं बोलणं धरा. म्हणजे ३००० मिनिटं. एक लाइन तासभर अखंड भरलेली असेल तर त्याला एक एर्लांग म्हणतात, म्हणून ही झाली ५० एर्लांग. एवढ्याला ६४ लाइनी पुरतात, आणि शंभरातला एखादाच कॉल परत जातो. हजार फोन, चौसष्ट लाइनी.

एर्लांग हे माणसाचं नाव. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा डॅनिश गणिती. १९०९ मध्ये त्याने दाखवलं की कोण कधी फोन करील हे सांगता येत नसलं तरी हजार जण मिळून काय करतील ते सांगता येतं. १९१७ मध्ये त्याने सूत्र दिलं. आमच्याकडे त्या सूत्राचे तक्ते होते, कडा झिजलेले, चहाचे डाग पडलेले. लाइनी लहान लहान गटांत वाटल्या की वाया जातात आणि एकत्र ठेवल्या की पुरतात, हे त्या तक्त्यातच दिसायचं. १० लाइनींचा गट जेमतेम साडेचार एर्लांग ओढतो, पण १०० लाइनींचा गट ८४. लाइनी दहापट, काम जवळजवळ एकोणीसपट.

आता इंदूरचं सांगतो. सियागंज आणि क्लॉथ मार्केटचा बिझी अवर सकाळचा, अकरा-साडेअकराचा. भाव विचारायचे, माल निघाला का ते बघायचं. बोलणं तोडकं, मिनिटभराचं, पण फोन ढिगाने. लोकमान्यनगर, सुदामानगरकडचा बिझी अवर रात्री आठ-साडेआठचा. फोन कमी, पण मावशीची तब्येत निघाली की अर्धा तास गेला. बाजाराच्या लाइनी रात्री रिकाम्या आणि घरच्या लाइनी सकाळी रिकाम्या. मधली जंक्शनं, म्हणजे एक्स्चेंजांना जोडणाऱ्या लाइनी, दोघांत वाटली की दोघांचं भागतं. तक्ता कोणालाही वाचता येतो. बाजार कधी उठतो, कॉलनी कधी जेवते, दिवाळीच्या आधी फोन कधीपासून वाढतात, हे माहीत असलेला माणूस एक्स्चेंजला जास्त उपयोगी पडायचा.

गेरच्या दिवशी हे सगळं मोडतं, कारण त्या दिवशी हजार जण हजार कारणांनी फोन करत नाहीत. सगळे एकाच कारणाने करतात, "कुठे आहेस?" तेही एकाच चौकात आणि एकाच अर्ध्या तासात.

---

राजवाडा_पश्चिम | रात्री ११.०५

तारवालेकाका, साष्टांग. पण मग मी एकवीस वेळा लावला त्याचं काय? एकदा तरी नशीब लागायला हवं होतं ना?

---

निवृत्त_तारवाला | रात्री ११.३१

तेच सांगायचं राहिलं. एर्लांगच्या सूत्रात एक गृहीतक आहे की लाइन मिळाली नाही तर माणूस शहाण्यासारखा फोन ठेवतो आणि निघून जातो. असा माणूस मला चौतीस वर्षांत भेटला नाही.

वरच्याच ६४ लाइनी घ्या. ५० एर्लांगच्या जागी ६० आले, म्हणजे ट्रॅफिक पाचव्या हिश्श्याने वाढला, तर शंभरात एकाऐवजी सहाच्या आसपास कॉल परत जातात. दुप्पट झाला तर तिघांत एकाहून जास्त. हे परत गेलेले कॉल गप्प बसत नाहीत, दहा सेकंदांत पुन्हा येतात, त्यामुळे तुमचे एकवीस आणि भाच्याचे अठरा मिळून एकाच निरोपाचे एकोणचाळीस कॉल झाले, वहिनींचे सोडून. अशा वेळी मीटरवर आकडा फुगलेला दिसायचा आणि बोलणं मात्र नेहमीपेक्षाही कमी. आमचे साहेब म्हणायचे, एक्स्चेंज हमालासारखं घामाघूम झालंय आणि सामान जागेवरच आहे.

---

माईंची_सून | दुसरा दिवस, सकाळी ७.५०

रात्री अकराचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? एसटीडीला, म्हणजे परगावच्या कॉलला, रात्री अकरानंतर पाव दर असायचा. नव्वदच्या दशकात आमची नणंद पुण्याला शिकायला होती. माई पावणेअकरापासून फोनशेजारी पाट घेऊन बसायच्या. अकराचे ठोके पडले की फिरवायला सुरुवात. आणि तेव्हाच नेमकं लागायचं नाही! "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं." सव्वाअकरा, साडेअकरा… तोवर नणंदेच्या हॉस्टेलचं दार बंद. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या दुकानात, तर रांग लागायची, लोक दुकानाच्या पायरीवर बसून घड्याळ बघत. त्या रांगेत दोन लग्नं जुळलेली मला माहीत आहेत.

---

निवृत्त_तारवाला | सकाळी ९.१५

वहिनी, माईंनी साडेदहाला लावला असता तर लगेच लागला असता, फक्त पैसे जास्त पडले असते. रात्रीची सवलत देण्यामागे हेतू असा की दिवसाची गर्दी रात्रीकडे सरकावी. सरकली, पण पसरून नाही. सगळी अकराच्या ठोक्याला येऊन आदळली. रात्री अकरा वाजून दोन मिनिटांनी ट्रंकचे, म्हणजे परगावच्या लाइनींचे, दिवे बघायला मजा यायची, एक विझायचा नाही. दर ठरवणाऱ्यांना वाटत होतं, लोक स्वस्त वेळेत आरामात बोलतील. लोकांनी स्वस्त वेळेचं पहिलं मिनिट गाठायला धाव घेतली.

---

ड्राइव्हटेस्ट | सकाळी १०.४०

मी मोबाइल नेटवर्कच्या कामात आहे. गाडीत चार फोन लावून गल्लोगल्ली फिरणारे असतात ना, ते आम्ही. काकांनी जुन्या काळाचं सांगितलंच आहे, मी चौकातल्या टॉवरचं सांगतो.

काड्यांवर जाऊ नका. टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती जोरात ऐकू येतो, एवढंच त्या सांगतात. टॉवरवर जागा आहे का हे त्या सांगत नाहीत. लग्नात माइकवरून "जेवायला चला" स्पष्ट ऐकू आलं म्हणून पंगतीत पान मिळेलच असं नाही.

कॉल लावला की फोन आधी टॉवरला फक्त एक हाक मारतो, "मला वेळ द्या." ४जीत अशा हाकांचे ६४ प्रकार आहेत आणि फोन त्यातला एक अंदाजाने उचलतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच हाक मारली तर दोन्ही फुकट, दोघांनी पुन्हा मारायची. जुन्या एका रेडिओ पद्धतीचं गणित प्रसिद्ध आहे. वेळेच्या ठरलेल्या पाळ्या पाडल्या आणि सगळे मनाला येईल त्या पाळीत बोलत असतील तर शंभरातल्या फार तर ३७ पाळ्या कामी येतात. त्यापुढे जितके जास्त जण हाका मारतील तितकं कमी काम होतं. राजवाड्याला कालच्या अकरा वाजता हेच चाललं होतं.

आणि सराफ्याचा मुद्दा, जो मला सगळ्यांत आवडला. रात्री सराफ्यात माणसं खातात आणि बघतात. डेटा टॉवरकडून फोनकडे येतो. गेरमध्ये प्रत्येक हात वर, प्रत्येक जण लाइव्ह, प्रत्येक जण रील चढवतोय. डेटा फोनकडून टॉवरकडे. २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर वेळच वाटून दिलेला असतो आणि मोठा वाटा खाली येणाऱ्या डेटाला, कारण वर्षभर लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. गेरच्या दिवशी हे वाटप उलटं हवं असतं आणि एका चौकापुरतं ते बदलता येत नाही. टॉवरही तेच आणि काड्याही त्याच, पण काम उलट्या दिशेचं.

---

राजवाडा_पश्चिम | सकाळी ११.०२

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी स्वतः दहा मिनिटांचं लाइव्ह केलं होतं, भाचा हरवायच्या आधी.

---

पोहे_शेव_जिरावण | सकाळी ११.०४

म्हणजे भाच्याचा फोन मामानेच अडवला 😂

---

शंकासुर | दुपारी १.२०

बरं, माणसांच्या सवयी नेटवर्कला वाकवतात हे मान्य. पण कंपन्याही सवयींना वाकवतात, ते का सोडताय?

मिस्ड कॉल घ्या. इनकमिंग २००३ पासून फुकट. मग आपण काय केलं? एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे निघालो, तीन रिंगा म्हणजे तूच लाव. कंपनीला एक पैसा नाही. आता त्यातलं राजकारण बघा. एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फोन करतो तेव्हा पहिली दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायची. २०१७ पर्यंत १४ पैसे, नंतर ६. २०१९ मध्ये एका कंपनीने घंटी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांवरून पंचविसाच्या आसपास आणली. का? समोरचा उचलायच्या आत फोन बंद, त्याला दिसला मिस्ड कॉल, त्याने उलटा लावला, आणि पैसे देणारा घेणारा झाला! मग दुसऱ्यांनीही घंटी तोडली. शेवटी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, नियम करावा लागला, मोबाइलला ३० सेकंद आणि लँडलाइनला ६०. १ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही गेले.

तुमचे एर्लांगसाहेब यात कुठे बसतात?

---

निवृत्त_तारवाला | दुपारी ३.०५

छान काढलंत. एर्लांग नीट बसतात त्यात, कारण लाइन बोलण्यानेच भरते असं नाही, नुसती घंटी वाजत असतानाही मधली सर्किट अडकलेली असते. मीटर फिरत नाही एवढंच. म्हणून आम्ही नुसत्या कॉलांचा आकडा बघत नसू, शंभर प्रयत्नांत किती उचलले गेले ते बघत असू. हा आकडा पडला की समजायचं, कुठे तरी लोक उचलत नाहीत किंवा उचलायचंच नाही असं ठरलेलं आहे. अख्खा देश घंटीत बोलायला शिकला आणि आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

---

सूरसागरकाठ | संध्याकाळी ६.१०

वडोदऱ्याहून. तुमच्या गेरपुढे आमचं काही नाही, पण २००१ ची २६ जानेवारी आठवली. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा सगळं दांडिया बाजार रस्त्यावर होतं. हादरा थांबल्यावर धावत घरात जाऊन फोन उचलला तर कानात काहीच नाही. डायल टोनसुद्धा नाही. बाबा म्हणाले, तारा तुटल्या. ते दर मिनिटाला उचलायचे, ऐकायचे आणि आपटायचे. दुपारी आईने कंटाळून रिसीव्हर कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला. अर्ध्या मिनिटाने टोन आला! तारा शाबूत होत्या तर.

---

निवृत्त_तारवाला | संध्याकाळी ७.२५

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. टोन द्यायलाही एक्स्चेंजमध्ये मोजकीच यंत्रणा असते, आणि सगळं शहर एकदम रिसीव्हर उचलतं तेव्हा तिच्याकडे रांग लागते. बाबा दर मिनिटाला रांग सोडून पुन्हा शेवटी जाऊन उभे राहत होते. आई उभ्या राहिल्या.

---

ड्राइव्हटेस्ट | रात्री ८.००

एसेमेसचं उत्तर राहिलं. कॉलला दोन्ही बाजूंनी आत्ता, या क्षणी जागा लागते. एसेमेस म्हणजे पोस्टकार्ड. जुन्या २जीत तो बोलण्याच्या जागेवर येतच नाही, निरोपांच्या चिंचोळ्या वाटेने जातो. केंद्रात पडून राहतो आणि जागा मिळाली की पोचतो. म्हणून अकरा वीसचा अकरा चोवीसला आला. पण त्याच्याही मर्यादा आहेत. दिवाळी, ३१ डिसेंबरला पूर्वी कंपन्या एसेमेसची पॅक बंद ठेवून पूर्ण दर लावायच्या, आठवतंय? त्याला ब्लॅकआउट डे म्हणत. पैसे कमवायचे होतेच, पण शुभेच्छांचा लोंढाही खरा होता.

दुसरं, गर्दी फारच वाढली तर टॉवर काही सिमांना काही वेळ "हाकच मारू नका" असं सांगू शकतो. प्रत्येक साध्या सिमचा ० ते ९ पैकी एक वर्ग असतो. पोलीस, रुग्णसेवा वगैरेंसाठी वेगळे वर्ग राखीव असतात. त्यामुळे शेजारच्याचा लागतो आणि आपला लागत नाही यात दर वेळी कंपनीचा दोष नसतो. दर वेळी, असं म्हणालो हं शंकासुर.

आणि काका, एक दुरुस्ती. आता डेटामध्ये "जागा नाही, परत जा" असं क्वचित होतं. सगळ्यांना आत घेतात आणि सगळ्यांचं ताट अर्धं करतात. व्हॉट्सअॅपवर घड्याळाचं चिन्ह तसंच राहतं ते त्यामुळेच. तिथे एर्लांगचा जुना तक्ता तसाच्या तसा लागू पडत नाही.

---

निवृत्त_तारवाला | रात्री ८.४०

मान्य. आमच्या वेळी इंटरनेट आलं तेव्हाच तक्ता हलला होता. तीन मिनिटांचं बोलणं धरून एक्स्चेंज उभारलेलं, आणि पोरं मोडेम लावून दोन-दोन तास लाइन अडवून बसायला लागली. फोन तेवढेच होते आणि गर्दी दुप्पट. आमच्या एका सहकाऱ्याने तर संशय घेतला होता की या भागात कोणी तरी सट्टा चालवतंय.

---

माईंची_सून | रात्री ९.०५

लॉकडाऊनमध्येही असंच झालं असणार ना? सगळे घरी. आमच्याकडे चार माणसं आणि चार मीटिंगा.

---

ड्राइव्हटेस्ट | रात्री ९.३०

अगदी. मार्च २०२० मध्ये ऑफिसांच्या भागातले टॉवर ओस पडले आणि वस्त्यांतले भरले. माणसं तीच, नुसती सात-आठ किलोमीटर सरकली. यूट्यूब, नेटफ्लिक्सने मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा काही काळ खाली आणला तो तेव्हाच.

---

पोहे_शेव_जिरावण | रात्री ९.३४

आणि प्रत्येक कॉलच्या आधी कोरोनाच्या सूचनेतला तो खोकला! काकांच्या हिशेबाने देशभराचा किती एर्लांग खोकला झाला असेल?

---

निवृत्त_तारवाला | रात्री ९.५०

त्याचा हिशेब मी खरंच केला होता, आमच्या घरापुरता. सौ. म्हणाल्या, निवृत्त झालात ना?

---

राजवाडा_पश्चिम | तिसरा दिवस, सकाळी ८.१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री घरात बैठक झाली. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला हीच मंडळी येणार आहेत, तीही रात्रभर. ठरलं ते असं: चुकामूक झाली तर बोळिया सरकारच्या छत्रीपाशी यायचं, फोन करायचा नाही, एक एसेमेस टाकायचा आणि लाइव्ह तर अजिबात नाही (हे बायकोने माझ्याकडे बघून सांगितलं). भाच्याला एसेमेस कुठून पाठवायचा ते आधीच येत होतं. मला शिकावं लागलं.

भाचा रात्रीच्या बसने पुण्याला निघाला. धागा वाचून बायकोला जुनी हौस आली. त्याला बजावलं, पोचलास की एक रिंग दे, मी समजेन, उगाच बोलत बसू नकोस. आज सकाळी साडेसातला एक रिंग आली.

तिने दुसरी वाजायच्या आत उचलला आणि वीस मिनिटं बोलली.